नंबर कितवा आला?

जानेवारीतल्या एका रविवारी रात्री आठच्या सुमारास मी सायकल खांद्यावर घेऊन सोसायटीचा जिना चढत होतो. म्हणजे चढायचा प्रयत्न करत होतो. पहिल्या मजल्यावरचे काका दारातच उभे होते.

"कुठून स्वारी?"

"साताऱ्याहून."

"आज गेलात नि आजच आलात? सायकलवर?"

"हो. पहाटे सहाला निघालो होतो."

"अरे वा! स्पर्धा होती का? नंबर कितवा आला?"

"नंबर नसतो त्यात, काका. बीआरएम म्हणतात त्याला. वेळेत पोचायचं, झालं."

काका दोन क्षण माझ्याकडे बघत राहिले. "मग गेलात कशाला?"

प्रश्न खवचट नव्हता. पुण्यात खवचट प्रश्न कसा विचारतात ते मला माहीत आहे, त्याला वेगळा सूर असतो. काकांना खरंच कळत नव्हतं, आणि जिन्यात सायकल धरून, मांड्या थरथरत असताना मला ते समजावता येत नव्हतं. म्हणून हा लेख. काकांसाठी, आणि शेजारच्या फ्लॅटमधला पंचेचाळिशीचा माणूस पहाटे चार वाजता हेल्मेट घालून कुठे जातो, असा प्रश्न ज्यांना पडतो त्या सगळ्यांसाठी.

असे लोक पुण्यात आता चिक्कार आहेत. कुणी सिंहगड-राजगड-तोरणा हे तिन्ही गड एका दमात पळून येणारी अल्ट्रा शर्यत करतं. कुणी पुणे ते गोवा ६४३ किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' सायकलवर गाठतं. कुणी ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणं असा आयर्नमॅनचा एका दिवसाचा बेत रचतं. कुणी दक्षिण आफ्रिकेत जाऊन कॉम्रेड्स ही जवळजवळ ९० किलोमीटरची शर्यत धावून येतं. यातले बहुतेक जण शाळेत क्रीडा-महोत्सवात टाळ्या वाजवणारे होते. दाताचे डॉक्टर, प्राध्यापिका, हिंजवडीतले टीम लीड, आणि माझ्यासारखे बँकेत खुर्ची झिजवणारे.

या सगळ्या खेळांबद्दल एकदम बोलायला गेलो तर लेख कॉम्रेड्सएवढा लांबेल. मला आतून माहीत आहे ती बीआरएम. तिच्यावरून बाकीच्यांची कल्पना येते.

पस्तीस टक्क्यांचा खेळ

बीआरएम म्हणजे 'ब्रेव्हे द राँदोनर मोंदिओ'. ब्रेव्हे म्हणजे फ्रेंचमध्ये प्रमाणपत्र, राँदोनर म्हणजे लांब पल्ल्याचा सायकलस्वार. अंतरं ठरलेली आहेत आणि वेळाही: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. नोव्हेंबर ते ऑक्टोबर या त्यांच्या वर्षात ही चारही अंतरं पूर्ण केली की तुम्ही 'सुपर राँदोनर', म्हणजे आमच्या भाषेत 'एसआर झाला'. हातात एक पिवळट कार्ड देतात. वाटेत ठरावीक ठिकाणी कंट्रोल असतात. तिथे ठरलेल्या वेळेत पोचून शिक्का घ्यायचा. शिक्का मारणारा माणूस नसेल तर पेट्रोलपंपाची किंवा एटीएमची पावती, तीवर वेळ छापलेली असते. पंक्चर झालं तर स्वतः काढायचं. रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. मागून घरची गाडी ताक-भाकरी घेऊन येते असला प्रकार चालत नाही; मदत घ्यायची ती कंट्रोलवरच.

गंमत म्हणजे फार लवकर पोचलेलंही चालत नाही. कंट्रोल उघडायचीही वेळ असते. २०० किलोमीटरचा शेवटचा कंट्रोल सुरुवातीपासून ५ तास ५३ मिनिटांनी उघडतो. त्याआधी पोचलेला वीर उन्हात थांबून राहतो. मला ही अडचण कधी आलेली नाही.

याचं मूळ इटलीत आहे. १८९७ च्या जूनमध्ये बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सला, सुमारे २३० किलोमीटर, दिवसाउजेडी पोचले. लोकांनी त्यांना 'धाडसी' म्हटलं, त्यावरून 'ऑडॅक्स' हा शब्द रूढ झाला. १९०४ मध्ये आंरी देग्रांज यांनी हा प्रकार फ्रान्समध्ये आणला. हेच ते देग्रांज, ज्यांनी आदल्याच वर्षी 'टूर द फ्रान्स' सुरू केली होती. जगातली सगळ्यात प्रसिद्ध सायकल शर्यत आणि जगातला सगळ्यात कमी प्रसिद्ध सायकल-प्रकार, दोन्हींमागे एकच माणूस. सुरुवातीला ऑडॅक्समध्ये सगळ्यांनी कप्तानाच्या मागे एका वेगानं जायचं असे. १९२१ पासून ऑडॅक्स क्लब पारिझियाँनं 'ज्यानं त्यानं आपापल्या वेगानं' असा प्रकार सुरू केला. आज पुण्यातून सुटणारी बीआरएम त्याच क्लबच्या नियमांनी चालते, आणि निकाल मंजुरीसाठी पॅरिसलाच जातो.

आता मुख्य मुद्दा, जो काकांना कळायला हवा. आपल्याकडे खेळ म्हणजे गाळणी. शाळेच्या संघात पंधरा मुलं, जिल्ह्याला त्यातली दोन, राज्याला एखादा. सोळाव्या वर्षापर्यंत जो गाळला गेला तो जन्मभर प्रेक्षक. क्रिकेट बघायचं, पंचांना शिव्या द्यायच्या. बीआरएमनं ही गाळणीच काढून टाकली आणि तिच्या जागी कटऑफ ठेवला. कटऑफ म्हणजे दहावीचे पस्तीस टक्के. तुम्ही आठ तासांत आलात काय किंवा १३ तास २९ मिनिटांत आलात काय, प्रमाणपत्र तेच. काठावर पास हा इथे अपमान नाही; काठावर पास होण्यासाठीच तर आखणी करतात. फक्त एटीकेटी नाही. ३१ व्या मिनिटाला पोचलात तर चहा मिळेल, शिक्का नाही.

हा फरक कागदावर लहान दिसतो, पण त्यानं माणसांची वागणूक पालटते. नंबराच्या शर्यतीत पुढच्याचं पंक्चर झालं की मागच्याला आतून बरं वाटतं, कुणी कबूल करो न करो. कटऑफच्या खेळात पुढच्याचं पंक्चर झालं तर तुमचं काही वाढत नाही, म्हणून तुम्ही थांबता. शिरवळजवळ एका अनोळखी माणसानं मला स्वतःची शेवटची ट्यूब दिली होती. तो संत नव्हता, पुढे चहावर भेटला तेव्हा त्यानं ट्यूबचे पैसे चोख मागून घेतले. पण द्यायला त्याला काही जड गेलं नाही, कारण माझ्या पोचण्यानं त्याचं नुकसान होणार नव्हतं.

कटऑफमध्ये दयामाया असते असं मात्र समजू नका. १९२१ मध्ये सुरू झालेली कॉम्रेड्स पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ आहे. तिथे बारा तास भरताना एक जण शेवटच्या रेषेवर धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. पाठ अशासाठी की कोण अडकलं ते त्याला दिसू नये. दहा पावलं उरलेला माणूसही बाहेर. टीव्हीवर कॉम्रेड्स बघणारे पहिल्या नंबराइतक्याच आतुरतेनं हा शेवटचा क्षण बघतात. असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही, जिथे जिंकणाऱ्याइतकंच लक्ष शेवटच्या माणसाकडे असतं.

बचत खातं आणि मुदत ठेव

काकांचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे: "पण या वयात जमतं कसं?"

बँकेच्या भाषेत सांगतो. शरीरात इंधनाची दोन खाती आहेत. एक ग्लायकोजेनचं, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. हे बचत खातं: कधीही काढा, लगेच मिळते. पण शिल्लक बेताची, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे २,००० किलोकॅलरींच्या आसपास. दुसरं चरबीचं. ही मुदत ठेव. सत्तर किलो वजनाच्या, जरा पोट सुटलेल्या माणसाच्या अंगावर चौदा-पंधरा किलो चरबी सहज असते. तिच्यात लाखभर किलोकॅलरी पडून असतात. त्यावर पुण्याहून दिल्लीपर्यंत जाता येईल. अडचण एवढीच की या खिडकीवर पैसे सावकाश मिळतात. घाई केलीत, जोरात पेडल मारलंत, की शरीर मुदत ठेवीच्या खिडकीवरून उठून बचत खात्याच्या खिडकीवर जातं.

ताशी वीस किलोमीटरच्या वेगानं जाताना तासाला ४००-५०० किलोकॅलरी जातात असं धरू. २०० किलोमीटरला प्रत्यक्ष चालवण्याचे दहा तास, म्हणजे चार-पाच हजार. बचत खात्यात तर दोनच हजार. उरलेले चरबीतून आणि वाटेत खाऊन भागवायचे. मॅरेथॉन धावणारे ज्याला तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरवरची 'भिंत' म्हणतात, ती दुसरंतिसरं काही नाही, बचत खातं रिकामं झाल्याची पाटी आहे.

सरावानं नेमकं काय होतं? आठवड्यातून बऱ्याचदा, सावकाश, लांब चालवलं की स्नायूंच्या पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे इंधन जाळून ऊर्जा देणाऱ्या बारीक भट्ट्या, वाढतात आणि स्नायूंभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. त्यामुळे त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढतो; मुदत ठेवीच्या खिडकीवर दोन कारकून जास्त बसतात म्हणा ना. सावकाश म्हणजे किती सावकाश? सायकलवर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तुटक तुटक "हो... हो ना..." एवढंच निघत असेल तर वेग जास्त आहे. पुणेकरांना बोलण्याची कसोटी लावणं म्हणजे सोपा पेपर, पण गंमत अशी की बहुतेक नवखे इथेच चुकतात. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि रविवारी सिंहगडाचा घाट छाती फुटेपर्यंत चढायचा, हा सराव नाही, हे प्रायश्चित्त आहे.

वयाचं गणितही इथेच सुटतं. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ती क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते. सातत्यानं व्यायाम करणाऱ्यांत ही घसरण बरीच कमी असते. शिवाय वयानुसार आधी झिजतात ते जोरकस, झटपट आकुंचन पावणारे स्नायूतंतू. चिवट, सावकाश काम करणारे तंतू जास्त टिकतात. म्हणून पंचविशीतल्या मुलाशी शंभर मीटर धावलो तर माझा निकाल पहिल्या दहा मीटरांत लागेल, पण तीनशे किलोमीटरवर तो आणि मी एकाच टपरीवर भेटतो. त्यात संयम, खाण्याचं वेळापत्रक, स्वतःच्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करण्याची सवय हे गुण लागतात. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाकडे निदान तिसरा तरी असतो.

सगळं माहीत असूनही माणूस चुकतो. माझी पहिली ३०० किलोमीटरची राइड मी सोडून दिली, आमच्या भाषेत 'डीएनएफ'. पुण्याहून निघून उंब्रजच्या आसपास वळायचं आणि परत. जाताना वाऱ्यावर तरंगत गेलो. परत येताना साताऱ्यात अंधार पडला, पोट जड वाटत होतं, म्हणून ठरवलं की आता पुण्यातच जेवू. पुढचे दोन तास काही खाल्लं नाही. वेळे गावाच्या जवळ, खंबाटकीचा बोगदा समोर दिसत असताना, दिवे गेले. रस्त्यावरचे नव्हेत, माझे. पाय दुखत नव्हते, ते नव्हतेच. मला त्या बोगद्याचा राग आला. मग सायकल बनवणाऱ्याचा, मग बायकोचा, जिचा यात काडीचा संबंध नव्हता. एका बंद टपरीच्या बाकड्यावर बसलो आणि चक्क रडायला लागलो. खिशात दोन राजगिरा लाडू होते. खावेसे वाटेनात.

याला 'बाँक' म्हणतात. यकृतातली साखर संपते, रक्तातली उतरते, आणि मेंदूचं रोजचं इंधन तीच असल्यामुळे आधी बिघडतो तो स्वभाव. म्हणून अनुभवी रायडर सोबत्याचे पाय बघत नाहीत, त्याची भाषा बघतात. एरवी गप्पा मारणारा माणूस चिडचिडा किंवा गप्प झाला की त्याच्या तोंडात गूळ घालतात. माझ्याजवळ तेव्हा सोबती नव्हता. एका ट्रकवाल्यानं पुण्यापर्यंत आणलं. सत्तर किलोमीटर उरले होते आणि सहा तास हातात होते. पंधरा मिनिटं बसून लाडू घशाखाली ढकलले असते तर पोचलो असतो. ही गोष्ट मी आजही एखाद्या न सापडलेल्या व्हाउचरसारखी डोक्यात उलटसुलट करतो.

तर हिशेब असा: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. खजूर, चिक्की, उकडलेला बटाटा, दहीभात, काहीही चालतं, फक्त भूक लागायची वाट बघायची नाही. वडापाव मनाला बरा, पोटाला नाही. तेलकट पदार्थ पोटात रेंगाळतो आणि पुढच्या चढावर आठवण करून देतो. तरी दीडशे किलोमीटरनंतर सगळेच खातात.

पाण्याचं उलट आहे. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला इथे धोक्याचा ठरू शकतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. मुख्य कारण घाम नव्हता, वाटेत ढोसलेलं जादा पाणी होतं. रक्त पातळ होतं, मेंदूला सूज येऊ शकते, क्वचित जीवही जातो. तहान लागेल तसं प्यावं आणि लिंबू-मीठ-साखर सोबत असावं, इतकं पुरतं.

४०० आणि ६०० ची खरी परीक्षा पायांची नाही, झोपेची. पहाटे तीन ते पाच हा शरीराच्या घड्याळाचा सगळ्यात खालचा बिंदू. डोळे उघडे ठेवून दोन-तीन सेकंद झोप लागते, आणि उतारावर दोन सेकंदांत सायकल बरीच लांब गेलेली असते. भासही होतात. एका पहाटे मला मैलाच्या दगडाच्या जागी घोंगडी पांघरून बसलेला म्हातारा दिसला. मी घंटी वाजवली. अशा वेळी मर्दुमकी न दाखवता पेट्रोलपंपावर किंवा एखाद्या देवळाच्या ओवरीत वीस मिनिटं आडवं व्हावं. घड्याळ थांबत नाही, पण वीस मिनिटांचं व्याज चांगलं मिळतं.

पुण्यातच का?

एक कारण भूगोल. कात्रज, दिवेघाट, बोपदेव, सिंहगड, सगळं घरापासून तासाभरात. दुसरं कारण, पुण्याला रविवारी स्वतःला दमवून घेण्याची जुनी सवय आहे. गडकिल्ले, गिर्यारोहणाच्या संस्था, राजगड ते तोरणा एका दिवसात. कात्रज ते सिंहगड ही रात्रीची चाल तर कित्येक पिढ्या करत आल्या. तिला 'के टू एस' असं हिमालयाला शोभणारं नाव आहे, आणि वाटेतल्या टेकड्या मोजताना प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आहे. म्हणजे माती तयार होती. मग आयटी आलं, पगार आले, खुर्च्या आल्या, आणि चाळिशीत रक्तातल्या साखरेचा पहिला रिपोर्ट आला. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांची सुरुवात त्या रिपोर्टपासून आहे.

वारीशी तुलना हमखास होते. मला ती अर्धीच पटते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, सामान्य माणसं, कसला नंबर नाही, हे सारखं आहे. एकादशी चुकवून चालत नाही, तेव्हा कटऑफही आहे म्हणायला हरकत नाही. पण वारकरी दिवेघाट चढून गेल्यावर किती मिनिटांत चढला ते मोबाइलवर टाकत नाही. आम्ही टाकतो. आमच्यातल्या काहींनी नंबर नसलेल्या खेळातही मागच्या दारानं नंबर आणलाय, आणि व्हिजिटिंग कार्डावर नावामागे 'आयर्नमॅन' लावणारे लोक मला एलएलबीनंतर लगेच 'ॲड.' लावणाऱ्यांची आठवण करून देतात.

पण खरं कारण मला वेगळंच वाटतं. मोठेपणी आपण नवशिके कुठेच नसतो. ऑफिसात अनुभवी, घरात कर्ते. आणि कुठलंच काम संपत नाही: लोन पोर्टफोलिओ संपत नाही, मुलांचं शिक्षण संपत नाही, आईवडिलांचं दुखणं संपत नाही. ही राइड संध्याकाळी साडेसातला संपते. एक तर जमलेली असते किंवा नसते. चाळिशीनंतर नवे मित्र मिळणं हाही भाग आहे. ज्याच्यासोबत अंधारात खंबाटकी चढलात, त्याच्याशी ओळख वाढवायला लग्नकार्य लागत नाही.

कोण येत नाही, तेही सांगायला हवं. सुरुवातीच्या रेषेवर पन्नास जण असतील तर बायका दोन-तीन दिसतात. ताकदीचा प्रश्न नाही. अंतर जितकं लांब, तितका बाई-पुरुषातला फरक कमी होतो असं या खेळांत दिसतं. २०१९ मध्ये जास्मिन पॅरिस या धावपटूनं ब्रिटनमधली २६८ मैलांची 'स्पाइन रेस' सगळ्या पुरुषांना मागे टाकून जिंकली, तीही वाटेत थांबून बाळासाठी दूध काढून ठेवत. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये विशीतच सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. प्रश्न रात्री दोन वाजता महामार्गावर एकटं असण्याचा आहे, स्वच्छतागृहाचा आहे, आणि रविवारी घरी डबा कोण करतं याचा आहे. माझी बायको एकदा शांतपणे म्हणाली, "तुला बाहेर साडेतेरा तास मिळतात. इथला कटऑफ कोण सांभाळतं?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आता महिन्यातला एक रविवार तिचा असतो. ती त्या दिवशी सायकल चालवत नाही, झोपते.

आमच्या सोसायटीचा वॉचमन उत्तमनगरहून रोज काळ्या, जड सायकलवर येतो. आठवड्याचं त्याचं अंतर माझ्यापेक्षा जास्त भरतं. त्याला कुणी एन्ड्युरन्स खेळाडू म्हणत नाही, कारण हा खेळ म्हणवून घ्यायला रविवार लागतो. बीआरएमची फी त्यामानानं किरकोळ, सायकलही महागडीच हवी असं नाही, पण परदेशी आयर्नमॅन म्हणजे प्रवेश फी, विमान, हॉटेल, सायकलचा खोका धरून काही लाखांचा मामला.

आणि तब्येत. हा व्यायाम हृदयाला चांगलाच, पण वर्षानुवर्षं अतोनात केलेल्या मध्यमवयीन पुरुषांत हृदयाची लय बिघडण्याचा एक प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, इतरांपेक्षा जास्त आढळतो. चाळिशीनंतर सुरुवात करत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा, आणि चालवताना छातीत दडपण आलं तर शिक्क्याचा विचार न करता उतरा.

करून बघायचंच असेल तर घाई नको. आरामात ऐंशी किलोमीटर होऊ लागले की २०० चा विचार करा. पंक्चर घरी, पावसाच्या दिवसात, कंटाळा आलेला असताना काढून बघा. नवं सीट, नवे बूट, नवा पदार्थ यांतलं काहीही बीआरएमच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. पुढे कधी डोकं फिरलंच तर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे: चार वर्षांतून एकदा, १,२०० किलोमीटर, ९० तास. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली. आता तिथे राँदोनरच जातात. २०१९ मध्ये भारतातून शेकडो जण गेले. थंडीनं, समोरच्या वाऱ्यानं आणि अखंड चढउतारांनी त्यातल्या बऱ्याच जणांना वाटेतच थांबवलं. तिच्या नावाची सायकलच्या चाकासारखी गोल, आत क्रीम भरलेली एक फ्रेंच मिठाईसुद्धा आहे. पूर्ण करू न शकलेल्यांनाही ती मिळते.

साताऱ्याच्या त्या राइडचं कार्ड काही महिन्यांनी परत आलं. पॅरिसहून मंजूर होऊन, मागे छोटं स्टिकर चिकटवून. काका जिन्यात भेटले म्हणून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कार्ड उजेडात धरलं. स्टिकरवर छापलेला, जगभरातल्या ब्रेव्हेंच्या नोंदवहीतला माझा अनुक्रमांक होता, लांबलचक.

"हे काय," काका म्हणाले, "नंबर आलाय की! पण फारच खालचा दिसतोय."